ओबो: वरचे सूर चढे, मधला डी धड लागत नाही. काय काय तपासू?

पेटीवाली
नमस्कार मंडळी, इथे असली वाद्यं वाजवणारं कोणी आहे की नाही माहीत नाही पण विचारून बघते. मुलगी आठवीत आहे, न्यू जर्सीत. शाळेच्या बँडमध्ये आधी क्लॅरिनेट वाजवायची, यंदा ओबोला (दोन पातींच्या रीडचं फुंकवाद्य) कोणीच नाही म्हणून हिच्या हातात ओबो आला. वाद्य भाड्याचं, प्लॅस्टिकचं, आणि रीड (फुंकायची पात) दुकानातली तयार. खालचे सूर त्यातल्या त्यात बरे, पण वर गेली की ट्यूनरचा काटा पळत सुटतो, जी, ए, बी सगळे 20-30 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट) चढे. मधला डी कधी लागतो, कधी धपकन खालच्या सप्तकात पडतो. आणि ते एफचं वाकडं फिंगरिंग (मधलं बोट उचलून) आहे ना, तो सूर तर नाक दाबून काढल्यासारखा येतो. क्लॅरिनेटला बॅरल (तोंडाजवळचा छोटा तुकडा) जरा ओढली की भागायचं म्हणून हिने रीड थोडी बाहेर ओढून पाहिली, तर काही सूर उतरले आणि काही अजूनच भलतीकडे गेले. बँडचे सर ट्रम्पेटवाले, ते म्हणतात ऐक आणि ओठाने सांभाळ. मला पेटीपलीकडे काही कळत नाही. दोष रीडचा, वाद्याचा का पोरीचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दुहेरी_पात
ताई, पहिलं म्हणजे रीड परत पूर्ण आत बसवा. ओबोची नळी वरून अगदी अरुंद सुरू होऊन खाली रुंदावत जाते, रीडची धातूची नळी हाच तिचा वरचा शेंडा, ती ओढली की तिथे पोकळी राहते आणि सगळे सूर सारखे उतरत नाहीत, एकमेकांतली अंतरं बिघडतात. तिला जे दिसलं ते तेच. ऑर्केस्ट्रात सगळे ओबोच्या ए वरून सूर मिळवतात त्यालाही हे एक कारण सांगतात, की बाकीचे वाद्य ओढू-ताणू शकतात, ह्याला फारशी जागाच नाही.

आता दोष ओळखायचा तर ट्यूनर आधी वाद्याला नाही, नुसत्या रीडला लावा. रीड साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायची (तासभर बुडवून ठेवू नका, तोंड उघडून बसते), मग वाद्याला न लावता तोंडात दोऱ्यापर्यंत घ्यायची आणि ओठ अजिबात न आवळता फुंकायची. करकर असा आवाज येईल, ह्याला क्रो म्हणतात. तुम्ही अमेरिकेत आहात म्हणजे रीड बहुधा अमेरिकन स्क्रेपची असणार, लांब तासलेली, तिचा क्रो सी हवा, शक्यतो वरचा आणि खालचा असे दोन्ही सी एकदम. सी शार्प किंवा त्याच्याही वर आला तर रीडच चढी, पोरीने कितीही ओठ सांभाळले तरी फार फरक पडणार नाही. बी च्या आसपास आला तर रीड उतरी. क्रो बरोबर सी येतोय आणि तरीही वरचे सूर चढतायत, मग प्रकरण तोंडाचं. (युरोपियन शॉर्ट स्क्रेप असेल तर हा सी चा नियम लावू नका, तिथे गणित वेगळं.)

आणि क्लॅरिनेटवरून आली आहे म्हणता, तिथेच मला जास्त शंका आहे. क्लॅरिनेटवाली मुलं रीड तोंडात भरपूर घेतात आणि वर गेलं की चावतात. ओबोत दोन्ही ओठ दातांवर दुमडून नुसतं टोक आत घ्यायचं, आवळायचं ते ओठांच्या कोपऱ्यांनी, वरून-खालून नाही. जास्त रीड आत गेली की सूर चढतो, चावलं की अजून चढतो. तिला म्हणावं चढा लागणारा जी लांब धर आणि धरल्या धरल्या रीड हळूहळू बाहेर सरकव, काटा खाली येताना तिला स्वतःलाच दिसेल.

पेटीवाली
बापरे, किती छान सांगितलंत. आत्ताच करून पाहिलं. दोन रीड आहेत. जुनीचा क्रो सी शार्पच्याही किंचित वर, नवी सी च्या आसपास, पण नवीचं तोंड खूप उघडं आहे आणि हिला ती जड जाते म्हणून ती जुनीच वाजवते. नवीवर खाली छान, वर गेली की दमते आणि चावते, हे मलासुद्धा दिसलं.

दुहेरी_पात
मग कोडं बरंचसं सुटलं की. नवी रीड भिजलेली असताना दोऱ्याच्या जरा वर अंगठा आणि बोटात धरून दोन्ही पाती एकमेकींवर हलकेच दाबा, काही सेकंद, आणि परत वाजवून बघा. तोंड थोडं मिटलं की चावायची गरज कमी होते. कोरडी असताना हे करू नका, चिरते. जुनी टाकून द्या, तिचं टोक झिजून आखूड झालं असेल नाहीतर दुकानात आली तेव्हाच आखूड असेल, दोन्हीत ती चढीच राहणार.

स्क्रूड्रायव्हर
वरचं सगळं बरोबर, पण डी आणि एफ रीडमुळे बिघडलेत असं मला वाटत नाही.

डी: दुसऱ्या सप्तकातले सी शार्प, डी आणि ई फ्लॅट ओबोवर अर्ध्या भोकाने काढतात. डावी तर्जनी उचलायची नाही, खाली लोळवायची, म्हणजे पट्टीवरचं छोटं छिद्र उघडं राहतं. क्लॅरिनेटवर हा प्रकारच नाही त्यामुळे बोटाला सवय नसते, एकतर बोट पूर्ण मिटतं आणि सूर खाली पडतो, नाहीतर मुलं ऑक्टेव्ह की (सूर वरच्या सप्तकात नेणारी कळ) मारून वेळ निभावतात. पुढे ई पासून जी शार्पपर्यंत अंगठ्याची पहिली ऑक्टेव्ह की, आणि ए पासून सी पर्यंत बाजूची दुसरी. ती ए, बी ला बाजूची की मारते का ते नक्की बघा, न मारताही सूर निघू शकतो पण ठिकाणावर राहत नाही.

एफ: वाकडा एफ फक्त अडचणीच्या वेळी, म्हणजे डी, ई फ्लॅट किंवा खालच्या सी वरून येताना-जाताना, जिथे उजवी अनामिका आधीच अडकलेली असते. बाकी सगळीकडे साधा एफ. बरीच मुलं पहिल्यांदा जे शिकली तेच कायम मारत बसतात. काही विद्यार्थी ओबोंना वाकड्या एफसाठी वेगळी रेझोनन्सची सोय नसते, तिथे ई फ्लॅटची की सोबत दाबायची. दाबून आवाज मोकळा झाला तर तुमच्याकडचा ओबो त्यातला.

भाड्याचं वाद्य आहे तर गळती पण बघून टाका. वरचा तुकडा घ्या, खालचं टोक तळहाताने बंद, बोटं आणि किया मिटलेल्या, वरून हवा ओढा आणि थांबा. ओढ टिकली पाहिजे. लगेच सुटली तर कुठलातरी पॅड (भोक मिटवणारी गादी) बसत नाहीये, खालचे बी, बी फ्लॅट अडखळत असतील तरी तोच संशय. बारीक स्क्रू दिसतील, प्लीज स्वतः फिरवू नका, एक स्क्रू दोन-दोन पॅडचं नातं सांभाळतो. दुकानाकडे द्या, भाडं कशाला भरताय.

सोलापूरकर
मी सनईवाला, ओबो हातात धरलेला नाही, पण दुहेरी पात आमचीही. सनईला किया नाहीत, अर्धं बोट, ओठ आणि दम यांवरच सूर जागेवर आणायचा, त्यामुळे काट्याकडे बघून शिकणं मला पटत नाही. ताई, घरात तानपुऱ्याचं अ‍ॅप असेलच, पांढरी सहा लावून द्या आणि पोरीला नुसता ए धरू द्या. कान आधी, काटा मागून.

स्क्रूड्रायव्हर
मान्य, पण एक अडचण. तानपुऱ्यावर गंधार कानाने मिळवला की तो ट्यूनरवर सुमारे 14 सेंट उतरा दिसतो, आणि बँडमध्ये मॅरिम्बा-पियानो असले तर तो खटकणार. तानपुरा षड्ज-पंचमासाठी वापरा, बाकी बँडमध्ये आजूबाजूला ऐकून. आणि अ‍ॅप 440 वर (म्हणजे ए 440 हर्ट्झ) आहे ना ते आधी तपासा. शिवाय अमेरिकन शाळेचे बँड सहसा बी फ्लॅटला मिळवतात, म्हणजे काळी पाच लावा. क्लॅरिनेटवर तिला तोच सूर सी म्हणून वाजवायची सवय असेल, ओबोवर लिहिलं तेच वाजतं.

सोलापूरकर
गंधार बरोबर लागला की ट्यूनर चुकीचा दाखवतो, ह्यात ट्यूनरचीच चूक 😀 असो, काळी पाच तर काळी पाच.

पेटीवाली
हा हा. अपडेट: नवी रीड दाबून घेतली, जी आता जवळपास जागेवर आहे, ए अजून थोडा चढा. बाजूची की ती मारतच नव्हती! डी ला अर्धं बोट हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. वाकड्या एफला ई फ्लॅट दाबली तर खरंच मोकळा झाला. ओढ मात्र टिकत नाही, लगेच सुटते, शनिवारी दुकानात नेते. अजून एक, सकाळी बँड रूममध्ये पहिली दहा मिनिटं सगळंच उतरं लागतं म्हणते, ते काय? आणि नवीन रीड मागवताना काय सांगू?

दुहेरी_पात
थंड वाद्य उतरंच लागतं, गार असताना ट्यूनरशी भांडू नका, नुसती लांब फुंक मारून आधी ऊब येऊ द्या. रीड हाताने बनवणाऱ्याकडून घ्या, अमेरिकन स्क्रेप, मीडियम सॉफ्ट, किमान तीन, आणि रोज आलटून पालटून वाजवायला सांगा. डबी हवेशीर हवी, ओली रीड बंद डबीत ठेवली की बुरशी धरते.