मल्टिमोडल डेटाबेसला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात जुने फोटो, ओव्यांची ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्या लिखित संहिता आहेत. त्यावर एआय शोध बसवायचा आहे, म्हणून विश्वस्तांसाठी टिपण लिहितेय. ‘मुक्तस्रोत बहुमाध्यमी विदागार’ चालेल का?

प्रतिसाद : ‘बहुमाध्यमी’ नको, ती जागा मल्टिमीडियाने सीडीच्या जमान्यातच अडवलीय. तिथे चित्र आणि आवाज नुसते शेजारी नांदतात. मल्टिमोडलमध्ये एकावरून दुसरं सापडतं : ‘जात्यावर बसलेली बाई’ टाइप केलं की फोटो यायला हवा, खाली ओळ लिहिलेली नसली तरी. २०२१ साली आलेलं क्लिप हे एआय मॉडेल हेच करतं, पण ते इंग्रजी मजकुरावर घडलंय आणि आवाज त्याला कळत नाही. तुम्हाला बहुभाषी मॉडेल लागेल. ओव्या संहितेवरून शोधा.

प्रतिसाद : मग ‘बहुरूपी’? :)

प्रतिसाद : तो पोलिसाच्या वेशात विश्वस्तांच्या दारात उभा राहील. मल्टिमोडलच ठेवा.

माझा आक्षेप ‘विदागार’ला आहे. आगार म्हटलं की सगळे फोटो त्यातच राहणार असं वाटतं. मिल्वस, क्यूड्रंट हे अशा शोधासाठीचे डेटाबेस किंवा पोस्टग्रेस या नेहमीच्या डेटाबेसवरची पीजीव्हेक्टर ही जोडणी, यांत सहसा फक्त सदिश (व्हेक्टर, म्हणजे मॉडेलने फोटोची किंवा मजकुराची केलेली आकड्यांची यादी) आणि नोंदी ठेवतात. मूळ फाइली दुसरीकडे. म्हणजे ही खरं तर शोधसूची. (लान्सडीबी हा डेटाबेस थोडा वेगळा, त्यात चित्रही त्याच तक्त्यात ठेवता येतं.) हे स्पष्ट लिहिलं नाहीत तर मूळ फाइलींच्या बॅकअपचा खर्च कुणी मंजूर करणार नाही.

आकारही सांगा. ५१२ मितींचा, म्हणजे ५१२ आकड्यांचा सदिश, प्रत्येक आकड्याला ४ बाइट, म्हणजे फोटोमागे २ केबी. लाखभर फोटोंचे सदिश साधारण २०० एमबी. एवढ्यासाठी मिल्वसचा पसारा कशाला? नोंदी आधीच पोस्टग्रेसमध्ये असतील तर पीजीव्हेक्टर पुरे.

प्रतिसाद : ‘मुक्तस्रोत’ वाचून विश्वस्त ‘फुकट’ समजतील. सर्व्हर आणि माणूस यांचे पैसे पडतातच. शिवाय परवाना बदलू शकतो : इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीने २०२१ मध्ये अपाची हा मुक्तस्रोत परवाना सोडला, २०२४ मध्ये एजीपीएल या दुसऱ्या मुक्तस्रोत परवान्याचा पर्याय दिला. रेडिस या डेटाबेसनेही २०२४ मध्ये बीएसडी हा मुक्तस्रोत परवाना सोडून पुढच्या वर्षी तीच वाट धरली. तेव्हा नुसतं ‘मुक्तस्रोत’ न लिहिता परवान्याचं नाव आणि आवृत्ती लिहा. मिल्वस, क्यूड्रंट, लान्सडीबी अपाची २.० खाली आहेत.

प्रश्नकर्ती : ‘शोधसूची’ आवडलं. आणि एम्बेडिंग, म्हणजे मॉडेलने काढलेला तो सदिश? ‘अंतःस्थापन’ लिहिलं होतं.

प्रतिसाद : खोडा ते! ‘अंकरूप’ म्हणा. आणि दर नोंदीत कुठल्या मॉडेलचं अंकरूप तेही टिपून ठेवा. मॉडेल बदललं की जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, सगळा संग्रह पुन्हा नव्या मॉडेलमधून काढावा लागतो.