वादळाच्या हिशेबातील जमेची बाजू

प्रत्येक मोठे वादळ प्रवाळ बेटाच्या किनाऱ्याचा लचका तोडते आणि अशा लचक्यांतूनच बेट शेवटी संपते, असे एक मत मांडले जाते; वाळूच्या पुळणीपुरते ते बऱ्याच अंशी मान्य करता येईल. परंतु त्यात जमेची बाजू सुटली आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅसिफिक महासागरातील तुवालू या देशातील फुनाफुटी या कंकणद्वीपाला (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळ बेटांना) ‘बेबे’ चक्रीवादळाचा तडाखा बसला, तेव्हा लाटांनी प्रवाळभित्तीच्या (प्रवाळांच्या सांगाड्यांनी बनलेल्या समुद्रातील खडकाळ भिंतीच्या) समुद्राकडील उतारावरचे मोडके प्रवाळ उचलून भित्तीच्या सपाट माथ्यावर सुमारे १८ किलोमीटर लांबीचा आणि काही ठिकाणी जवळपास ४ मीटर उंचीचा बांध रचला. पुढील वर्षांत नेहमीच्याच लाटांनी हा बांध हळूहळू बेटाकडे ढकलला आणि त्यातील दगडगोटे काही भागांत जुन्या किनाऱ्याला जाऊन मिळाले. म्हणजे माल एका वादळाने आणला, बांधकाम मात्र पुढे वर्षानुवर्षे चालले. वादळानंतर लगेच केलेल्या मोजणीवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

किनारा टिकण्यात वनस्पतींचाही मोठा वाटा असतो. १९६१ च्या ‘हॅटी’ चक्रीवादळानंतर मध्य अमेरिकेतील आजच्या बेलीझच्या किनाऱ्यालगतच्या बेटांची पाहणी झाली, तेव्हा मूळची दाट झुडपे शाबूत असलेल्या बेटांवर गाळ अडून राहिल्याचे, तर नारळाच्या लागवडीसाठी झाडोरा साफ केलेल्या बेटांची जमीन वाहून गेल्याचे दिसले.