काच बाहेर पडली, म्हणून घरफोडी बनावट ठरते का?

कृष्णाकाठ :
सांगलीच्या गावभागात आमच्या बोळात गेल्या आठवड्यात घरफोडी झाली. घरची मंडळी लग्नासाठी परगावी गेली होती. मागच्या दाराशेजारच्या खिडकीची काच फोडून, गजांतून हात घालून चोराने दाराची कडी काढली, असे पंचनाम्याच्या वेळी ऐकले. मात्र काचेचे बहुतेक तुकडे परसात पार तुळशीच्या कट्ट्यापर्यंत पसरले होते आणि आत ओट्यावर जेमतेम चार-दोन होते. श्वानही बोळाच्या तोंडाशी जाऊन घुटमळले. कपाट उपसलेले, पण टीव्ही जागेवरच, हेही खटकले. तेव्हापासून बोळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘काच आतून फोडली, विम्यासाठी केलेला बनाव आहे’ अशी चर्चा चालू आहे, आणि तसा पहिला संदेश माझाच होता. या तर्कात कितपत तथ्य आहे?

एक मिरजकर :
काचेवरून घावाची दिशा ठरवता येते. पण ती तुकडे कुठे पडले यावरून नव्हे. काच फुटताना काही बारीक कण घाव घालणाऱ्याच्याच अंगावर उलटे उडतात, म्हणून तर संशयिताच्या कपड्यांवर काच शोधतात. तज्ज्ञ आधी चौकटीत अडकून राहिलेले तुकडे पाहतात. घावाच्या जागेपासून किरणांसारख्या फाकलेल्या तड्याची कड भिंगाखाली धरली, तर तिच्यावर वक्र रेषा दिसतात; त्या काचेच्या ज्या पृष्ठाला काटकोनात मिळतात, त्याच्या विरुद्ध बाजूने घाव बसलेला असतो. अर्थात तुकडा काढण्यापूर्वी त्याची बाहेरची बाजू खूण करून ठेवलेली हवी, आणि टफन्ड काचेला, म्हणजे फुटताच बारीक दाण्यांचा चुरा होणाऱ्या कडक काचेला, हे लागू पडत नाही. टीव्हीचे म्हणाल, तर सोने खिशात मावते.

काळा कोट :
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये, ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे. काचेचे काम त्यांचे. गटावर मात्र शेजाऱ्यावर थेट आरोप झाला असेल, तर न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे मानहानी, आपल्याला लागू होऊ शकते. शिवाय एक साधा प्रश्न : त्या खिडकीची झडप उघडते कुठल्या बाजूला?

कृष्णाकाठ :
बाहेर. आतून गज आहेत, त्यामुळे आमच्या बोळातल्या सगळ्याच जुन्या खिडक्यांच्या झडपा बाहेर उघडतात. आज सकाळी आमच्या घरची तशीच झडप उघडून पाहिली. पावसाने फुगलेली असल्याने दोनदा हिसडा द्यावा लागला आणि काच बसवायच्या लांबीचे (पुट्टीचे) वाळलेले ढलपे परसात पडले. फुटक्या काचेच्या झडपेला बाहेरून कोणी असाच हिसडा दिला असेल, तर उरलेली काच परसातच पडणार. गटावरचा संदेश पुसला आहे आणि तसे तिथे लिहिलेही आहे. शेजारच्या काकांकडे संध्याकाळी जाणार आहे.