मदत हवी आहे: एकाच पातेल्यातला क्रीमी पास्ता पाणचट होतो, वर सॉस फुटतो

कोरडी_पळी

पास्ता, भाज्या, सॉस सगळं एकाच पातेल्यात करायचं आहे. उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहवत नाही, म्हणून २० मिनिटांत उरकेल अशी कृती हवी. सध्याचं प्रमाण असं:

पेने २५० ग्रॅम, पाणी दीड लिटर, मीठ १ टेबलस्पून, लो फॅट क्रीम २०० मिली, एक मोठी झुकिनी, मक्याचे दाणे, फ्रोजन मटार, चेरी टोमॅटो, पालक, लसूण, एका लिंबाचा रस, पाकिटातलं किसलेलं पार्मेजान.

पालक-टोमॅटोसकट सगळ्या भाज्या पहिल्यापासून पाण्यात. झाकण ठेवून ११ मिनिटं (पाकिटावरची वेळ). मग क्रीम आणि लिंबाचा रस घालून एक उकळी, शेवटी चीज.

होतं असं की पास्ता शिजतो, पण भोवती पाणीच पाणी. ते आटवत बसलं की पास्त्याचा लगदा. झुकिनी विरघळते, मटार शेवाळी होतात. क्रीम घातलं की बारीक कण दिसायला लागतात, पार चोथापाणी. चीजचा गोळा झाऱ्याला चिकटून बसतो. आणि सगळं खारट. प्रमाण चुकतंय, आच चुकतेय की क्रम?

मंद_आच

तिन्ही. पण मूळ पाण्यात आहे, तिथून सुरुवात करू.

नेहमीच्या पद्धतीत पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतात, त्यामुळे किती घेतलं याने फरक पडत नाही. इथे पाणी ओतायचंच नाही. घातलेला प्रत्येक थेंब एक तर पास्ता पितो, नाही तर वाफ होऊन जातो, नाही तर सॉसमध्ये राहतो. म्हणून पाणीही पास्त्यासारखंच मोजून घ्यायचं.

२५० ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅम भरतो, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे मिली पाणी तो पितो. रुंद भांडं, झाकण नाही, खळखळ उकळी, असं असेल तर घरच्या शेगडीवर मिनिटाला अंदाजे २५ मिली उडतं. ११ मिनिटांचे झाले पावणेतीनशे. सॉससाठी दीडशे मिली उरायला हवं. एकूण ७०० ते ७५० मिली. तुम्ही घेताय दीड लिटर आणि वर झाकण, म्हणजे उडणारंही आतच अडकतं. शेवटी जवळजवळ लिटरभर उरणारच.

याचा दुसरा फटका स्टार्चला बसतो. पास्त्यातून सुटणारा स्टार्च थोड्या पाण्यात राहिला तर सॉस आपोआप दाट होतो, फॅट आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतात. लिटरभर पाण्यात तोच स्टार्च इतका विरळ होतो की मग दाटपणासाठी क्रीम वाढवावंसं वाटतं. खरं तर २५० ग्रॅमला १०० मिली क्रीम पुरतं. क्रीम चवीला, दाटपणा स्टार्चचा.

मिठाचंही तेच. ओतून द्यायच्या पाण्यातलं बरंचसं मीठ पाण्याबरोबरच जातं. इथे सगळं ताटात येतं, शिवाय पार्मेजान स्वतःच खारट. सुरुवातीला सपाट पाऊण छोटा चमचा (४ ते ५ ग्रॅम), बाकी चीज घातल्यावर चव बघून.

भांडं २८ सेंमीच्या आसपास रुंद आणि जाड बुडाचं घ्या. उंच, अरुंद पातेल्यात वरचा पास्ता कोरडा राहतो आणि खालचा बुडाशी लागतो.

शेंगदार

भाज्यांबद्दल. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. ११ मिनिटं उकळली तर तिच्या भिंती कोसळतात आणि ते पाणीही तुमच्या सॉसमध्ये येतं. मटार शेवाळी होतात कारण भाज्यांमधली आम्लं हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून टाकतात. झाकण असलं की वाफेबरोबर उडून जाणारी आम्लंही आतच राहतात, आणि टोमॅटो सोबत असला तर आणखी भर. हिरवं काहीही पातेल्यात असेल तेव्हा झाकण काढलेलं बरं, आणि पाच मिनिटांच्या आत काम संपलेलं बरं.

पास्ता ११ मिनिटांचा धरला तर क्रम असा ठेवा:

७व्या मिनिटाला ताजे मक्याचे दाणे किंवा बोटभर लांब कापलेली फरसबी. फरसबी जून असेल तर ५व्याच मिनिटाला.
८व्या मिनिटाला झुकिनी, एक सेंमी जाडीच्या अर्धचंद्र चकत्या. पातळ कापू नका.
९व्या मिनिटाला फ्रोजन मटार. ते गार असल्याने उकळी बसते, तेव्हा लगेच आच वाढवा. ही उकळी बसलेली मिनिटं शिजण्यात धरायची नाहीत, इथेच बऱ्याच जणांचा पास्ता आत कच्चा राहतो.
गॅस बंद केल्यावर पालक, अर्धे केलेले चेरी टोमॅटो, बेसिल. नुसत्या उष्णतेने पालक अर्ध्या मिनिटात बसतो.

अ‍ॅस्परॅगस मिळाला तर देठं ८व्या, शेंडे १०व्या मिनिटाला.

झुकिनीला चव हवी असेल तर मात्र पाण्यात घालूच नका. सुरुवातीला त्याच पातेल्यात चमचाभर तेलावर मोठ्या आचेवर एकाच थरात ३ मिनिटं, मीठ न घालता, एका बाजूने तपकिरी होईपर्यंत राहू द्या. हलवत बसलं किंवा मीठ घातलं की पाणी सुटतं आणि ती परतण्याऐवजी उकडते. काढून ठेवा, शेवटी मिसळा. बुडाला राहिलेला तपकिरी थर पाणी ओतल्यावर सुटून सॉसमध्ये उतरतो, तो फुकटचा फायदा.

कोरडी_पळी

म्हणजे एक ताटली जास्त घासायची :) चालेल. पण सॉस का फुटतो? क्रीम तर ताजं असतं.

लोण्याहून_मऊ

ताजेपणाचा संबंध नाही, फॅटचा आहे. केसिन या प्रथिनाला आम्ल आणि उष्णता एकदम मिळाली की त्याचे कण गोळा होतात. ३५ टक्के किंवा त्याहून जास्त फॅटच्या क्रीममध्ये केसिन त्या मानाने कमी असतं, म्हणून ते उकळी आणि थोडंसं लिंबू दोन्ही सोसतं. लो फॅट क्रीम, दूध, दही यांत प्रमाण उलटं. तुम्ही लो फॅट क्रीम, अख्ख्या लिंबाचा रस, शिजून फुटलेले टोमॅटो आणि वर उकळी, असं सगळं एकाच मिनिटात आणताय. फुटलं नसतं तरच नवल.

तेव्हा क्रीम शेवटच्या मिनिटाला, आच बारीक करून. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर, तोही १ ते २ छोटे चमचेच. आंबटपणापेक्षा वास हवा असेल तर सालीचा पिवळा भाग किसून घाला, त्याने काही फुटत नाही. खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवट लागतो.

हलकंच हवं असेल तर १०० मिली दुधात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच कालवून क्रीमऐवजी घाला आणि एक मिनिट उकळवा. स्टार्चमुळे दूध सहजी फुटत नाही. पण लिंबू तरीही नंतरच.

क्रीम चीज चालतं, ७० ग्रॅम पुरे. फ्रीजमधून काढून थेट टाकलं तर पांढऱ्या गुठळ्या तरंगतात. आधी वाटीत दोन-तीन चमचे गरम पास्त्याच्या पाण्यात घोटून घ्या.

पार्मेजानचा गोळा होतो कारण उकळत्या सॉसमध्ये त्याची प्रथिनं आवळतात आणि तेल बाहेर येतं. गॅस बंद, एक मिनिट थांबा, मग ४० ग्रॅम अगदी बारीक किसलेलं तीन हप्त्यांत भुरभुरवा. प्रत्येक वेळी पूर्ण मिळून येईपर्यंत ढवळा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, ते नीट वितळत नाही. तुकडा आणून किसा. या पाककृतीत एका ठिकाणी जास्तीचे कष्ट घ्यायचे असतील तर ते इथे.

उलथनं_एक

वरच्या सगळ्याला +१. फक्त गार पाण्यापासून सुरू केलं तरी पास्ता छान होतो. सगळं एकत्र घालून गॅस पेटवायचा, एक काम कमी.

मंद_आच

@उलथनं_एक, होतो, पण मग घड्याळ उपयोगाचं राहत नाही. उकळी यायला ५ मिनिटं लागतात की ९, ते शेगडीवर अवलंबून, आणि तोवर पास्ता पाणी पीत बसलेला असतो. शेंगदार यांनी दिलेली मिनिटं तिथे लागू पडणार नाहीत, पास्ता चावून बघत भाज्या घालाव्या लागतील. नवख्या माणसाने किटलीत उकळलेलं पाणीच ओतावं. स्पॅगेटी असेल तर गार पाणी नकोच, काड्यांची मोळी बांधली जाते.

उलथनं_एक

मोळी होते हे मान्य. पेने-फुसिलीपुरतं बोलत होतो.

कोरडी_पळी

तेल घातलं की चिकटत नाही म्हणतात ते खरं का? आणि झाकण अजिबात नाही? बुडाशी लागतं त्याचं काय?

मंद_आच

तेल वर तरंगतं, पास्ता खाली असतो. चिकटणं थांबतं ते ढवळण्याने. पहिली २ मिनिटं सर्वांत महत्त्वाची, कारण तेव्हा पृष्ठभागावरचा स्टार्च फुगून डिंकासारखा होतो. ती दोन मिनिटं हात थांबवू नका, नंतर मिनिटाला एकदा बुडापासून झारा फिरवला तरी पुरतं. शेवटच्या तीन मिनिटांत पाणी कमी आणि स्टार्च जास्त असतो, तेव्हा पुन्हा सारखं हलवा. बुडाशी लागतं ते याच टप्प्यावर. तेल घालायचं ते लसणासाठी आणि सॉस मिळून यावा म्हणून, दोन टेबलस्पून.

आता एका दमात: तेलात ४ पाकळ्या लसणाच्या चकत्या बारीक आचेवर ४० सेकंद, रंग येऊ द्यायचा नाही, करपला तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. उकळतं पाणी ७५० मिली, मीठ, पास्ता. मध्यम-मोठी आच, झाकण नाही. भाज्या वरच्या क्रमाने. शेजारी २०० मिली गरम पाणी तयार ठेवा. ९व्या मिनिटाला एक तुकडा चावून बघा. आत पांढरा ठिपका आणि पातेलं कोरडं, तर ५० मिली घाला. ठिपका गेलाय आणि पाणी जास्त, तर पास्ता आणि भाज्या झाऱ्याने काढून घेऊन नुसता रस आटवा. पास्त्यासकट आटवायला गेलात की लगदा होतो.

क्रीम घालायची वेळ अशी ओळखा: झारा बुडावरून ओढला की क्षणभर बूड दिसतं आणि रस हळूहळू परत एकत्र येतो. त्यानंतर क्रीम, मिनिटभर मंद आच, गॅस बंद, पालक, टोमॅटो, चीज, लिंबू. आता झाकण ठेवून ३ मिनिटं. बंद करताना सॉस हवा त्याहून थोडा पातळ दिसला पाहिजे. या तीन मिनिटांत तो आळतो.

शेंगदार

पास्त्याचा आकारही बघा. पेने, फुसिली उत्तम. शिंपल्यांसारखे आकार एकात एक बसतात आणि मधे कच्चे राहतात. स्पॅगेटी साधारण २५ सेंमी लांब असते, तेव्हा ती आडवी मावेल एवढं भांडं हवं. पाकिटावर डुरम गव्हाचा रवा लिहिलेलं असावं, मैद्याचा पास्ता या पद्धतीत टिकत नाही. ताजा पास्ता २-३ मिनिटांत शिजतो, पाणी आटायला वेळच मिळत नाही, म्हणून तो इथे नको. तांदूळ-मक्याचा ग्लूटेनमुक्त पास्ता तुटतो आणि सॉस चिकट करतो. तो वेगळा उकळून शेवटी मिसळलेलाच चांगला.

पातळ_रस्सा

धाग्यावरच विचारते. ५०० ग्रॅमला सगळं दुप्पट का? आणि दुधाचं काहीच नको असेल तर?

मंद_आच

पाणी सोडून सगळं दुप्पट. पास्ता पितो ते आणि सॉसचं पाणी दुप्पट होतं, पण वाफ भांड्याच्या तोंडावर ठरते आणि भांडं तेच आहे. ६०० अधिक २७५ अधिक ३००, म्हणजे १२०० मिलीच्या आत. तेवढ्यात पास्ता जेमतेम बुडतो, म्हणून ढवळणं वाढवा. मीठही आधी दीडपटच घाला.

लोण्याहून_मऊ

दुधाशिवाय: ६० ग्रॅम काजू उकळत्या पाण्यात अर्धा तास भिजवा, १२० मिली पाण्यात गंधासारखे वाटा, क्रीमच्याच वेळेला घाला. काजूत स्टार्च असतो, गरम झाल्यावर झपाट्याने दाट होतं, म्हणून गरम पाणी हाताशी ठेवा. हे लिंबाने फुटत नाही. चीजचा खारट-खमंगपणा यीस्ट फ्लेक्सच्या (न्यूट्रिशनल यीस्ट, पावाचं यीस्ट नव्हे) दोन चमच्यांनी बराचसा भरून निघतो.

कोरडी_पळी

पाणी ७५०, झाकण नाही, जास्त फॅटचं क्रीम १००, तुकड्याचं चीज, लिंबू गॅस बंद केल्यावर. लिहून घेतलं. शेवटचं एकच: उरलेला दुसऱ्या दिवशी दगड होतो, तो कसा गरम करायचा?

लोण्याहून_मऊ

मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या पॉवरवर नको, तेल सुटतं. पातेल्यात दर वाटीमागे २-३ टेबलस्पून पाणी किंवा दूध, आधी गारच मिसळून गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर झाकून, अधूनमधून हलवत. उकळी येऊ द्यायची नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवला असेल तर तीन दिवस चालतो. पालक काळपट होतो, त्याला इलाज नाही. उरणार हे माहीत असेल तर तेवढ्या भागात पालक घालूच नका.