हॅरॉल्ड बेल (ट्रॅनमियर): सलग 401 सामने, पण हिशेब जुळत नाही

डावाबॅक:
इंग्लंडमधल्या ट्रॅनमियर रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या हॅरॉल्ड बेलच्या नावावर 1946 ते 1955 या काळात सलग 401 लीग सामने आहेत. संघ तिसऱ्या डिव्हिजनच्या (तेव्हाच्या लीगच्या सर्वांत खालच्या पायरीच्या) उत्तर गटात. गटात 24 संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे मोसमाला 46 सामने. 9 मोसमांचे होतात 414. मग 13 गेले कुठे? मधे बाहेर बसला असेल तर 'सलग' कसं म्हणायचं? आणि इतका भरवशाचा गडी वरच्या डिव्हिजनमध्ये कसा गेला नाही? पगार तरी किती मिळायचा?

गोलअ‍ॅव्हरेज:
13 कुठेच गेले नाहीत. तुम्ही 46 हा आकडा सगळ्या मोसमांना लावलात, तिथे गडबड झाली. 1950 पर्यंत उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही गटांत 22 संघच होते. त्या उन्हाळ्यात प्रत्येक गटात दोन वाढले: उत्तरेत स्कन्थॉर्प आणि श्रूजबरी, दक्षिणेत कोलचेस्टर आणि जिलिंगहॅम.

1946-47 ते 1949-50: 4 मोसम × 42 = 168
1950-51 ते 1954-55: 5 मोसम × 46 = 230
बेरीज 398. 1955-56 च्या सुरुवातीचे 3 धरा, झाले 401. ऑगस्टअखेर त्याचं नाव संघातून वगळलं आणि मालिका तुटली. कपचे (बाद पद्धतीच्या स्पर्धांचे) सामने मिळवले तर सलग आकडा 459 वर जातो. एकूण लीग सामने 595, म्हणजे मालिका तुटल्यावरही पठ्ठ्या 194 सामने खेळला.

त्या काळातल्या कुणाचीही कारकीर्द तपासताना हीच रीत: आधी त्या मोसमात गटात संघ किती होते ते बघा, एक वजा करा, दुप्पट करा. मग लीग आणि कप वेगळे काढा. राखीव संघाचे सामने कुणी बेरजेत कोंबलेत का, तेही बघा. असे फुगवलेले आकडे पुष्कळ फिरतात.

सगळ्यात मोठा खड्डा युद्धाचा. 1939-40 चा मोसम जेमतेम तीन फेऱ्यांनंतर बंद पडला आणि ते सामने अधिकृत नोंदीतून काढून टाकले. पुढे 1945-46 पर्यंत प्रादेशिक स्पर्धा चालल्या, त्यांत खेळाडू पाहुणे म्हणून दुसऱ्याच क्लबकडूनही उतरायचे. त्यातलं काहीही लीगच्या आकड्यांत धरत नाहीत. त्यामुळे 1915 च्या आसपास जन्मलेल्याचे 180 सामने दिसले तर 'सामान्य खेळाडू' म्हणून मोकळे होऊ नका, ऐन उमेदीची वर्षं वजा झालेली असतात. बेलचा जन्म 1924 चा, लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा तो 21 वर्षांचा होता. वय त्याच्या पथ्यावर पडलं.

चिखलातला_चेंडू:
वरचा हिशेब बरोबर. भर एवढीच की 'सामना खेळला' याचा अर्थ तेव्हा वेगळा होता. बदली खेळाडूला लीगमध्ये परवानगी मिळाली 1965 ला, तीही आधी फक्त दुखापतीपुरती. त्याआधी कुणाचा पाय मुरगळला तर त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलायचे आणि तो तिथे लंगडत उभा राहायचा, कारण बाहेर गेला तर संघ 10 जणांचा. नोंदीत तो पूर्ण सामनाच.

कार्डांचीही भानगड नव्हती. पंच नाव वहीत लिहायचे, प्रकरण गंभीर असेल तर समिती बंदी घालायची. इंग्लंडमध्ये पिवळी-लाल कार्डं आली 1976 ला. म्हणजे आजची मालिका ज्या दोन कारणांनी सहसा तुटते, कार्डं आणि मॅनेजरने दिलेली विश्रांती, ती दोन्ही बेलच्या वाटेत जवळपास नव्हती.

म्हणून विक्रम सोपा होता असं मुळीच नाही. 25 आणि 26 डिसेंबरला लागोपाठ दोन सामने, बहुधा त्याच संघाशी घरी आणि त्यांच्याकडे. ईस्टरला चार दिवसांत तीन. 1946-47 च्या हिवाळ्यात इतके सामने पुढे ढकलले गेले की मोसम 14 जूनपर्यंत लांबला. चेंडू चामड्याचा, वादी आवळलेला. कोरडा असताना नियमाने 14 ते 16 औंस, पण चिखलात पाणी पिऊन कितीतरी जड व्हायचा. बचावातल्या माणसाला तो डोक्यानेच परतवावा लागायचा.

तिसरा_डिव्हिजन:
पगाराचं सांगतो. कमाल मर्यादा होती, सगळ्या लीगला एकच. 1947 पासून मोसमात आठवड्याला 12 पौंड आणि उन्हाळ्यात 10. 1951 ला 14, 1953 ला 15, 1957 ला 17, 1958 ला 20. जानेवारी 1961 मध्ये मर्यादाच रद्द झाली. जिंकल्यास 2 पौंड बोनस, बरोबरी झाल्यास 1. हे आकडे छताचे आहेत हं, तिसऱ्या डिव्हिजनमधल्या सगळ्यांच्या हातात तेवढे पडत नव्हते.

आता 'वर का गेला नाही' बघा. पहिल्या डिव्हिजनच्या क्लबलाही तीच मर्यादा, त्यामुळे क्लब बदलण्यात खेळाडूचा फायदा बेताचा: सही केल्याचे 10 पौंड. क्लब बदलण्याची रक्कम (ट्रान्सफर फी) जुन्या क्लबच्या तिजोरीत. करार एका वर्षाचा, 30 जूनला संपणारा, पण नोंदणी क्लबकडेच. 'राखून ठेवलेल्या' यादीत नाव टाकलं की सही केली नाही तरी लीगमधला दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नव्हता, आणि पगार बंद ठेवता यायचा. ही पद्धत कोर्टात कमकुवत झाली ती 1963 ला, खेळाडू जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात.

डावाबॅक:
46 चा घोळ समजला, आभार. पण संघच वर चढला असता तर?

गोलअ‍ॅव्हरेज:
उत्तर गटातून फक्त पहिला क्रमांक वर जायचा. ट्रॅनमियर 1938 ला गेला होता, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तळाला राहून वर्षभरात परत खाली आला. 1958 ला दोन्ही गट मोडले तेव्हा पहिला नेहमीसारखा वर गेला, दुसरा ते 12 वा क्रमांक नव्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि उरलेले चौथ्यात टाकले. ट्रॅनमियर 11 वा आला, थोडक्यात वाचला.