दीड लाखांचा साज चढवल्याशिवाय गाडी कच्च्या रस्त्याला घालायचीच नाही का?

घाटवाट

‘चिखलराज’ यांच्या मागच्या आठवड्यातल्या लेखावर प्रतिसाद लिहायला बसलो होतो, तो लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्टॉक (कंपनीने दिली तशीच) एसयूव्ही डांबर सोडून खाली उतरवणं हा शुद्ध मूर्खपणा. आधी गाडी उचलणारं दोन इंचांचं लिफ्ट किट, एमटी (चिखलाचे) टायर, स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), विंच (दोर ओढणारं यंत्र) आणि लाइट बार बसवा. दीड लाख खर्चायची ऐपत नसेल तर गाडी मॉलपुरती ठेवा.

मला झोंबली ती ‘ऐपत’. हप्त्यावर पहिली गाडी घेतलेल्या माणसाला तोरण्यामागच्या वाड्यांपर्यंत किंवा भाटघरच्या फुगवट्याकाठच्या मुरमाड वाटेने जायचंय. असं काही वाचून तो एकतर जायचंच सोडून देतो, नाहीतर नको तिथे पैसे घालतो.

लिफ्टचंच घ्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांना मागे सरळ अ‍ॅक्सल आहे. खाली दगडाला आधी टेकतो तो मागच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा, आणि तो अ‍ॅक्सलवरच असतो. स्प्रिंगला ठोकळे लावून बॉडी दोन इंच उचलली तरी तो गोळा होता तिथेच राहतो. तो वर येतो फक्त टायरचा व्यास वाढला तर. २१५/६५ आर१६ च्या जागी २१५/७० घातला की सुमारे ११ मिमी मिळतात. डस्टरसारख्या मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) गाडीत तर स्पेसर घातले की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडतं आणि वळताना कटकट सुरू होते. पैसे खर्चून विकत घेतलेलं दुखणं.

खरा फरक हवेने पडतो, आणि ती फुकट आहे. ३३ पीएसआयवरचा टायर २० वर आणा. जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, सैल मुरमात पकड येते, टोकदार दगडावर टायर फुटण्याऐवजी दबतो. वेग तिशीच्या आत ठेवायचा, झटक्याने स्टिअरिंग मारायचं नाही आणि डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरायची. म्हणून पहिली खरेदी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर आणि एक चांगला गेज. सिगरेट लायटरवरचे छोटे पंप चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतात. त्यानंतर टो स्ट्रॅप (गाडी ओढायचा पट्टा), तो अडकवायला दोन डी-शॅकल, फावडं, दोन जाड फळ्या, गोणपाट. हे सगळं साधारण १५ हजारांत बसतं. टायर झिजून बदलायची वेळ येईल तेव्हाच एटी (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचे) घ्या, चांगले टायर आधीच काढून टाकू नका. आणि इंजिनखाली कंपनीचं प्लास्टिक असेल तर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ३ मिमीचा पत्रा करून घ्या, ऑइल सोडायला भोक ठेवून.

स्नॉर्कलबद्दल एवढंच म्हणतो: ज्या पाण्यात स्नॉर्कल लागेल, त्या पाण्यात कुटुंबाला घेऊन जायचंच नाही.

चिखलराज

माझ्या लेखातलं एक वाक्य उचलून धागा काढलात, ठीक आहे. पण तुम्ही बोलताय ते आखाड्याबाहेर बसून.

ताम्हिणीच्या अलीकडे डंपरच्या चाकोऱ्या पडलेल्या एका वाटेवर माझ्यापुढची स्टॉक गाडी पोटावर बसली होती. मधला उंचवटा चेसिसखाली, चारही चाकं अर्धवट अधांतरी. तिथे तुमची २० पीएसआय हवा काय करणार? जमिनीला टेकतच नाही ते चाक पकड कुठून आणणार? दोन इंच लिफ्ट असती तर ती गाडी निघून गेली असती. गोळा वर येत नाही हे मान्य, पण पोट वर येतं, पुढचा-मागचा कोन वाढतो. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

आणि ‘आधी टायर झिजू द्या’ हा सल्ला धोक्याचा आहे. झिजलेल्या एचटी (डांबरी रस्त्याच्या) टायरवर पावसात निसरड्या उतारावर गाडी आडवी होताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

घाटवाट

टायरचा मुद्दा: झिजलेले टायर घेऊन जा असं मी म्हटलेलं नाही. पोटाचा मुद्दा मान्य करतो, नाइलाजाने. रॅम्प-ओव्हर कोन (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन) लिफ्टने वाढतो. पण त्या चाकोरीत गाडी चाकोऱ्यांमध्ये न घालता एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून काढता येते. त्यासाठी उतरून, पायी चालून वाट बघावी लागते. ते कोणी करत नाही.

आणि कोनाचंच म्हणाल तर थार जमिनीपासून २२६ मिमी उंची आणि पुढे ४१.८ अंशांचा कोन घेऊनच कारखान्यातून बाहेर पडते. जिम्नी २१० मिमी आणि ३६ अंश. तुमच्या लेखाखाली लिफ्टबद्दल विचारणारे निम्मे थारवालेच होते, आणि तुम्ही त्यांनाही ‘बसवा’ म्हणालात.

पाटणकडचा

आमच्या चुलत्यानं आयुष्यभर वडाप चालवलं. आधी कमांडर, मग ट्रॅक्स. आत बारा, मागं लोंबकळणारे वेगळे, वर टपावर पोती. पावसाळ्यात कोयनेच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर जाणारी तेवढीच एक गाडी. लिफ्ट नाही, एटी नाही, फोर बाय फोर पण नाही. मागचं एक चाक फिरायला लागलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढायचा आणि हळू रेस द्यायची, मग दुसऱ्या चाकाला ताकद जाते. ड्रम ब्रेकच्या गाडीत हे अजून चालतं. ज्यांना विकत पाहिजे त्यांच्यासाठी बोलेरो निओच्या एन१० (ओ) मध्ये मागं लॉकिंग डिफरन्शियल कंपनीच देते. टू व्हील ड्राइव्ह गाडी, पण एक चाक हवेत गेलं तरी निघते.

राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. काळ्या रानात पावसाळ्यात कसलाच टायर चालत नाही. एटी असो की एमटी, दहा फुटांत खाचा गच्च भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. वाफसा आल्याशिवाय आम्ही शेतात ट्रॅक्टर सुद्धा घालत नाही, कारण ओली माती दाबली गेली की पुढं पिकाची मुळं खाली जात नाहीत. आणि हे लोक व्हिडिओ काढायला बांध फोडून आत येतात, रुततात, मग आमचा ट्रॅक्टर बोलावतात आणि पाचशे रुपयांवरून घासाघीस करतात.

कलम५२

सगळे ‘बसवा, बसवा’ म्हणताय, कायदा कोणी वाचलाय का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ (४): असा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बुलबार काढा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतो. आणि पाणी शिरून इंजिन बसलं तर वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसताना साध्या पॉलिसीत सहसा काही मिळत नाही.

टायर घेताना त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिअंटला कंपनीने दिलेला आकारच घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

चिखलराज

कायदा माहीत आहे. रस्त्यावर एलईडीने डोळे दिपवणाऱ्या गाड्या रोज फिरतात, त्यांना कोण अडवतं? शौकीन माणसालाच कलमं ऐकवायची हा आपल्याकडचा जुना उद्योग.

सड्यावरची

अवांतर आहे, पण पाटणकडच्यांनी विषय काढलाच आहे म्हणून लिहिते.

मी राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे सडा म्हणजे तुमच्या व्हिडिओंमधला ‘मोकळा माळ’. गेल्या काही वर्षांत तिथे गाड्या घालायचं खूळ आलंय. कोणाला अडवलं तर उत्तर ठरलेलं: ‘इथे आहे काय? दगडच तर आहे.’

त्या दगडावर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खोदकाम उथळ असतं आणि जांभा ठिसूळ. पावसाळ्यात गवत आणि पाणी चढलं की पायाखाली काय आहे ते आम्हालाही चटकन दिसत नाही, तिथे दोन टनांच्या गाडीत बसलेल्याला काय दिसणार? बहुतेक ठिकाणी कुंपणसुद्धा नाही. शिवाय पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत जे उगवतं ते चाकाखाली गेलं की मातीसकट जातं. ती माती परत जमायला किती पिढ्या जातील?

माझ्या आजोबांनी सड्यावरून गुरं नेली, पण ठरलेल्या पाणंदीनेच. तुमच्या टायरमध्ये किती हवा असावी यावर इतकी चर्चा चालली आहे, तो टायर कुठे फिरू नये यावर एक ओळ नाही.

चिखलराज

ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमचा गट कचरा उचलून आणतो, गावात जेवतो, पैसे देतो. सड्यांचं नुकसान करायचं म्हणाल तर चिऱ्याच्या खाणींनी शंभरपट केलंय. तिथे कोणी गाडी आडवी घालत नाही, आम्ही दोन चाकोऱ्या पाडल्या की पर्यावरण आठवतं.

सड्यावरची

खाणींविरुद्ध आम्ही ग्रामसभेत बोलतो, तहसीलदारांकडे जातो. तुम्ही कुठे होतात तेव्हा? खाणीचं नुकसान मोठं म्हणून तुमचं माफ होत नाही. आणि ‘दोन चाकोऱ्या’ कधीच दोन राहत नाहीत. पहिल्या चाकोरीत पाणी साचलं की पुढचा माणूस कडेने घालतो, तिसरा त्याच्याही कडेने. वर्षभरात पंधरा फुटांचा पट्टा उघडा पडतो. तुमच्या त्या डंपरच्या वाटेवर हेच झालं होतं, फक्त तिथे रुतलेली गाडी तुमच्या ओळखीची होती.

पाटणकडचा

ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडच्या पठारांचं पण हेच. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं म्हणून तिथं राखण आहे. शेजारच्या पठारांना कोण वाली?

मुक्कामपोस्ट_पेण

अहो, धागा गाडीच्या तयारीचा होता. मी काल कॉम्प्रेसर मागवला आणि इथे कातळशिल्पांवर भांडण. कृपया नवा धागा काढा.

सड्यावरची

नवा धागा काढला की तिथे फक्त आम्हीच बोलतो. इथे गाडीवाले वाचतायत, म्हणून इथेच लिहिणार.

घाटवाट

धागा माझा आहे आणि सड्यावरची यांचं लिहिणं मला विषयाबाहेरचं वाटत नाही. तयारीच्या यादीत मी जागेबद्दल लिहायला हवं होतं: मळलेली वाट सोडायची नाही. चाकोरीत पाणी असेल तर त्यातूनच जायचं, कडेने नवी पाडायची नाही. ते जमत नसेल तर मागे फिरायचं.

एक महत्त्वाची गोष्ट राहून जातेय, ती सांगतो, कारण त्यात जीव जातो. अडकलेली गाडी ओढताना ट्रॅक्टरची साखळी टो हुकऐवजी बंपरच्या पट्टीला किंवा सस्पेन्शनला अडकवतात. आमच्या मित्रमंडळींत एकदा असाच तुटलेला हुक मागच्या गाडीच्या काचेतून आत गेला. सीट रिकामी होती म्हणून बातमी झाली नाही. दोर नेहमी चेसिसच्या ओढायच्या जागेलाच लावा. ताणाच्या मधोमध ओलं गोणपाट टाका, म्हणजे तुटला तरी कमी उसळेल. ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं. विंच घ्यायला सांगणाऱ्या लेखात यातलं काहीच नव्हतं, चिखलराज, आणि याबद्दल मला तुमच्याशी अजूनही भांडायचंय.

चिखलराज

गोणपाटाचं बरोबर आहे, माझ्या लेखात घालतो. वाट न सोडण्याचंही घालतो, ताईंनी इतकं धारेवर धरल्यावर दुसरा इलाज नाही. लिफ्टचा शब्द मात्र मागे घेणार नाही. मोनोकॉकवाल्यांनी स्पेसर लावू नयेत, एवढंच लिहीन. चेसिसवाल्या जुन्या गाड्यांची स्प्रिंग बसलेली असते, त्यांनी निदान मूळ उंचीवर यायला नव्या स्प्रिंग घातल्याच पाहिजेत. त्याला कोणतंही कलम आड येत नाही.

कलम५२

मूळ मापाच्या स्प्रिंग असतील तर नाही येत. हे मान्य.

मुक्कामपोस्ट_पेण

माझा प्रश्न राहिला. डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी), २१५/६५ आर१६, टायर अजून अर्धे शिल्लक. दिवाळीनंतर भोरकडून वरंध्याच्या बाजूला जायचंय, बायको-मुलं सोबत. तोवर काय करू?

घाटवाट

टायर बदलू नका. स्टेपनीची हवा तपासा, ती तपासायची राहून जाते. पुढचा स्क्रू-इन टो हुक आणि त्याचा पाना गाडीत आहे का बघा, जुनी घेतली असेल तर बऱ्याचदा गायब असतो. लो रेंज (जास्त ओढीचा हळू गिअर-संच) नसला तरी डस्टरचा पहिला गिअर मुद्दाम बुटका दिलाय, चढावर त्यातच राहा आणि क्लच घासू नका. मुरूम लागला की एडब्ल्यूडीचा नॉब ‘लॉक’वर, हवा २२ वर. मुलं गाडीत असताना हवा २२ च्या खाली आणायची गरज नाही. वाटेत वाहता ओढा लागला आणि तळ दिसत नसेल तर पायी उतरून बघा. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तर गाडी वळवा.