‘पास’ला मराठीत काय? पाळी, फेरी, आवर्तन की तास

खानापूररोड: एक लेख मराठीत आणतोय, ‘पास’ शब्दाला अडलोय. लाँगवॉल कोळसाखाणीत कापणीयंत्र भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, मग पुन्हा पहिल्यापासून; अशी एक खेप म्हणजे ‘पास’. यंत्र टेकतं ते मागच्या खेपेत कापलेल्या तळावर. तिथला खड्डा-उंचवटा पुढच्या खेपेत उतरतो आणि कधीकधी वाढतच जातो. मग काम थांबवून तळ सारखा करायचा. यावर १९७४ मध्ये एडवर्ड्स या संशोधकांनी लिहिलं, पुढे त्याचं मोठं गणित झालं. मी ‘पाळी’ लिहिलं. संपादकबाई म्हणाल्या, लोक हसतील.

शुद्धमती: आवर्तन लिहा.

उद्यमबाग_टर्नर: आवर्तन तबल्याचं नाहीतर कालव्याचं. लेथवर आमचंही हेच दुखणं आहे. मागच्या फेऱ्यात जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, उठलेल्या लाटांवर हत्यार परत चढतं, चिप कधी जाड कधी पातळ निघते, आणि जॉब असा किंचाळतो की शेजारच्या शेडमधला माणूस डोकावतो. तेव्हा फेरा म्हणा.

खानापूररोड: लेथवर एक फेरा संपला की तिथूनच दुसरा सुरू. इथं दर वेळी आरंभाला परत यायचं असतं.

निपाणीकडचा: म्हणजे नांगरट की! आमच्यात कुळवाच्या ‘दोन पाळ्या दिल्या’ म्हणतात, कोण हसत नाही. पण यंत्राच्या एका खेपेला ‘तास’च बरं. आमचे आज्जा पहिलं तास स्वतः धरायचे, पुढची त्याच्या कडेनं. एका वर्षी सगळी तासं एकसारखी आली, पण बांधाकडे जाईल तशी सगळीच वाकडी.

खानापूररोड: अगदी हाच भेद लेखात आहे! खेपेमागून खेप आकार एका जागी स्थिरावला, ही एक स्थिरता. खेप कितीही लांब केली तरी आकार हाताबाहेर जात नाही, ही दुसरी, जास्त कडक. नियंत्रकाला चालू खेपेची आणि मागच्या खेपेची, दोन्ही माहिती द्यावी लागते. या दुसरीला ‘तासभर स्थिरता’ म्हणू?

शुद्धमती: साठ मिनिटांनी काय होतं?

उद्यमबाग_टर्नर: 😂 पाळीच ठेवा. आमच्या शॉपमधले कानडी दोस्तही रात्रपाळीला पाळीच म्हणतात. शब्द मूळचा कानडीच असणार.

शुद्धमती: उलट. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे ओळ. तिकडून दोन्हीकडे गेला.

उद्यमबाग_टर्नर: सगळं संस्कृतातूनच येतं होय? मग चहा?

खानापूररोड: अहो, शनिवारी लेख द्यायचाय. ‘पास’च ठेवू का?

शुद्धमती: पास म्हणजे परीक्षेत की एसटीचा? आणि निपाणीकर, तास पुल्लिंगी आहे. ‘पहिला तास’.

निपाणीकडचा: तो शाळेतला. नांगराचं ते तास.

उद्यमबाग_टर्नर: आमच्या येळ्ळूरच्या मामाकडे ‘ती तास’ ऐकलंय मी, आई शप्पत.